सिसिगचे डोहाळे

माझ्या सुनेला डुकराच्या मांसाचे डोहाळे लागले, ही गोष्ट मी गावात कुणालाही सांगितली नाही. शेजारणींनी विचारलं तेव्हा "आंबटचिंबट मागते" एवढंच सांगून मोकळी झाले. ते अगदीच खोटंही नव्हतं.

सून फिलिपिन्सची. मुलगा हिंजवडीतल्या ज्या कंपनीत आहे, त्या कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी मनिलाला पाठवलं होतं. जाताना एक बॅग घेऊन गेला आणि येताना हिला घेऊन आला. मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग ती घरी आली आणि पाया पडण्याऐवजी तिनं वाकून माझा हात धरला, स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे मोठ्या माणसांना असाच नमस्कार करतात म्हणे. मला ते आवडलं, पण आवडल्याचं मी बरेच महिने दाखवलं नाही. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, लगेच शाबासकी द्यायची सवय नाही.

दोघं हिंजवडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. साध्यासुध्या नाहीत, पाणी प्यायली तरी ते बाहेर. मुलगा सकाळी कंपनीच्या गाडीत बसला की दिवे लागल्यावर घरी येणार. चौदाव्या मजल्यावर ही पोर दिवसभर एकटी न्हाणीघराच्या दाराशी बसलेली. मी गेले, दोन पिशव्या भरल्या आणि तिला मुळशीला घेऊन आले. मुलगा शनिवार-रविवार यायला लागला.

पौडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. एक्कावन्न किलोची पोर सत्तेचाळीसवर आली होती. गोळ्या दिल्या आणि मला म्हणाल्या, "पथ्यपाणी नंतर बघू. नीट शिजवलेलं, जे पोटात टिकेल ते द्या. वजन आणखी उतरलं तर मात्र ॲडमिट करावं लागेल."

जे पोटात टिकेल ते. आमच्याकडे पहिलटकरणीला डोहाळे विचारायची पद्धत आहेच. मी शेजारी बसून तिला विचारलं, काय खावंसं वाटतं? वर्षभरात ती मराठी बरंच शिकली होती. आधी "काही नको आई" म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं तर खाली बघून एकच शब्द बोलली, "सिसिग."

मुलाला फोन लावला. त्यानं सांगितलं. डुकराचं डोकं, म्हणजे कान आणि गाल, आधी उकडायचे, मग निखाऱ्यावर भाजायचे, अगदी बारीक चिरायचे आणि कांदा, मिरची, लिंबू घालून तापलेल्या बिडाच्या तव्यावर चरचरत आणायचे. कुणी वर अंडं फोडतं, कुणी कलेजी घालतं, कुणी मेयोनीज. कोंबडीचं करतात, माशाचंही करतात. "पण मूळचं डुकराचं," तो म्हणाला. "आई, तू टेन्शन घेऊ नको, तिला दुसरं काहीतरी दे."

आमच्या स्वयंपाकघरात देव आहेत. मटणसुद्धा आम्ही मागच्या पडवीत, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात करतो. तिथं डुकराचं नाव काढायचीही सोय नव्हती. मी ह्यांना सांगितलं. मला वाटलं, भडकतील. हे म्हणाले, "आमी ल्हान व्हतो तवा रानडुक्कर खाल्लंय की. भात खायला यायचं, गडी मारायचे. बांदावरच शिजायचं, घरात न्हाई आणायचे."

"लग्नाला अडतीस वर्षं झाली आणि हे आज सांगताय?"

"तू इचारलंस कवा? आन रानातलं येगळं, गावातलं येगळं. गावातलं न्हाई खाल्लं."

सासूबाई असत्या तर त्यांनाही हे नवीनच असतं. असो. मी ठरवलं की डोहाळे पुरवायचे, पण डुकरावाचून. आंबट, तिखट, चरचरीत, एवढंच तर हवं होतं.

सुरुवातीलाच घोटाळा झाला. ती म्हणाली, तिच्या आजीच्या गावाकडे पूर्वी सिसिग म्हणजे मांस नव्हतंच. कच्ची पपई नाहीतर कच्चा पेरू चिरून त्यावर व्हिनेगर, मीठ, मिरी. गरोदर बाईला मळमळायला लागलं की म्हाताऱ्या हेच द्यायच्या. पुढे त्यात डुकराचे कान आले. हे सांगता सांगता तिनं परसातल्या पपईच्या झाडाकडे बोट केलं. मी जवळजवळ ओरडलेच. गरोदर बाईनं पपई! ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. ह्यांनी त्याच दुपारी काठीनं झाडावरच्या सगळ्या पपया पाडल्या आणि शेजारच्यांना वाटून टाकल्या. तिला मी पेरू चिरून दिला. तिनं चार फोडी खाल्ल्या, त्या टिकल्या, आणि माझा उत्साह वाढला.

मग कोंबडी. खालचं खाचर आम्ही ज्यांना विकलं त्यांचं तिथं रिसॉर्ट आहे, तिथल्या आचाऱ्याकडून मुलानं सिझलरची बिडाची ताटली मागून आणली. कृती तिनं नीट सांगितली होती. पण मला बघवेना. इतकं कोरडं, नुसतं कांदा-लिंबू घातलेलं मांस कुणी पाहुण्यापुढे ठेवतं का? मी भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लावलं, थोडा घरचा मसाला, आंबट फार होऊ नये म्हणून गुळाचा खडा. सुंदर झालं होतं. फक्त ते सिसिग नव्हतं, आमच्या घरचं सुकं होतं. ती दोन घास खाऊन "छान आहे आई" म्हणाली आणि ताटली सरकवली.

पुढच्या आठवड्यात धरणातला चिलापी मासा. वाटण नाही, गूळ नाही, मी मन आवरलं. तव्यावरून असा काही वास सुटला की हे बोट घालून चव बघायला गेले. मी त्यांच्या हातावर फटका मारला. डोहाळ्याच्या ताटातलं दुसऱ्यानं चाखायचं नाही, हा आमच्या सासूबाईंनी घालून दिलेला नियम. बाईची वासना असते त्यात, ती वाटली की पुरत नाही. माझ्या वेळी मी ओल्या काजूची उसळ मागितली होती तर सासूबाईंनी मला एकटीला पाटावर बसवून खायला घातली होती आणि सगळं घर कौतुकानं भोवती उभं होतं. मला तेव्हा राणी झाल्यासारखं वाटलं होतं. म्हणून हिलाही मी तसंच बसवायची. टेबलाशी ती एकटी, समोर ताटली, मी एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला, दोघांचं लक्ष तिच्या तोंडाकडे. मासाही तिनं दोन घासच खाल्ला.

त्यानंतर मी बोकडाची मुंडी केली. माझ्या मते हा अगदी जवळचा प्रकार होता. डोकंच ते, कान होते, गाल होते. उकडली, निखाऱ्यावर भाजली, तासभर बसून बारीक चिरली, संत्र्याच्या रसाचे चार थेंब लिंबात मिसळले, कारण त्यांच्याकडचं लिंबू म्हणे थोडं संत्र्यासारखं लागतं. माझी कंबर धरली होती. तिनं तीन चमचे खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

माझा तोल गेला. "शाळेत साठ पोरांना डबे संपवायला लावलेत मी," मी म्हणाले, "आणि तू एकटी मला दमवतेस. तुला खायचंच नाहीये. पोटात आमच्या घरचं पोर आहे, त्याचा तरी विचार कर."

सगळे शब्द तिला कळले असतील की नाही कोण जाणे, पण 'आमच्या घरचं' एवढं नक्की कळलं. ती उठून आत गेली. थोड्या वेळानं उलटीचा आवाज आला. ह्यांनी ताटली उचलून मोरीत ठेवली. मला स्वतःची लाज वाटली. तीन हजार मैलांवरून आलेल्या पोरीला, जिची आई फोनच्या पडद्यात आहे, तिला मी पोटातलं पोर कुणाचं हे ऐकवत होते.

सोमवारी काटा पंचेचाळीसवर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या सोमवारी असंच असेल तर ॲडमिट करू, सलाइन लावू. बाळाची वाढ मागे पडायला लागेल. गाडीत ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. मनगट एवढंसं झालं होतं. मी मुलाला फोन केला आणि म्हणाले, "शनिवारी येताना आण."

"काय आणू?"

"तुला माहितीये काय ते. तोंडानं वदवू नको."

तो पुण्याला जाऊन कॅम्पातल्या एका दुकानातून दोन कान आणि गालाचा एक तुकडा घेऊन आला. बर्फाच्या थर्माकोलच्या डब्यात, वर काळी पिशवी. मी तो डबा घरात घेऊ दिला नाही. आता गोठ्यात गुरं नाहीत, मोटारसायकल असते. तिथं ठेवला. ह्यांनी गोठ्यामागे तीन दगड मांडून चूल केली. तव्याचा प्रश्न आला. रिसॉर्टची ताटली होती, पण दुसऱ्याच्या भांड्यात न सांगता डुक्कर शिजवणं मला पटेना. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. शेवटी मी माझा घावनाचा बिडाचा तवा बाहेर काढला. त्यावर पुन्हा घावन होणार नाही हे मला माहीत होतं.

ती खुर्ची टाकून सावलीत बसली आणि सांगायला लागली. मीठ, मिरी, तमालपत्र घालून दीड तास उकडायचं. वाफ आली तशी मी पदर नाकाला बांधला. थोड्या वेळानं वर बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. मी पदर सोडला. उकडलेले कान निखाऱ्यावर टाकले, ते फुगले, तडतडले, कडेनं काळे झाले. मग फळीवर घेऊन चिरले. "आणखी बारीक, आई," असं ती तीनदा म्हणाली. हात चिकट झाले, सुरी घसरत होती. कांदा, हिरवी मिरची, लिंबू. अंडं मी नको म्हटलं, अर्धकच्चं काही द्यायचं नव्हतं. सगळं लालभडक तव्यावर टाकलं तेव्हा असा चर्र आवाज झाला की मुलगा मागे सरकला.

तिच्यापुढे स्टूल ठेवलं, त्यावर फळी, फळीवर तवा. आम्ही तिघं भोवती उभे राहिलो. तिनं एक चमचा घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. आणि थांबली.

आता आणखी काय राहिलं होतं? देवाधर्माचं सगळं गुंडाळून ठेवून मी हे केलं होतं. "काय कमी आहे?" मी विचारलं. आवाज चढू नये म्हणून फार जपलं.

"काही कमी नाही," ती म्हणाली. "खूप बरोबर आहे. पण आई, हे एकटीनं खात नाहीत."

मग ती मराठीत, हिंदीत, मध्येच इंग्रजीत सांगत गेली. सिसिग मध्ये ठेवतात. प्रत्येकाला वेगळं वाढत नाहीत. सगळे चमचे घेऊन भोवती बसतात, बोलतात, भांडतात, एकाच तव्यातलं खातात. तिचे वडील, भाऊ, शेजारी, सगळे. "इथं तुम्ही उभे राहता. मी खाते, तुम्ही बघता. कोंबडी, मासा, सगळं. कोणी खात नाही. मला हॉस्पिटलसारखं वाटतं. माझ्या घशातून जात नाही."

"अगं, मग आधी सांगायचं नाही का?"

"बाबांनी मासा घेतला तेव्हा तुम्ही मारलं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या ताटाला हात लावत नाहीत. मी वेगळी आहे म्हणून."

महिनाभर मी त्या पोरीला राणीसारखं बसवत होते आणि तिला वाटत होतं, आपल्याला वाळीत टाकलंय. माझे डोळे भरून आले, ते मी धुरावर ढकललं.

हे खाली मांडी घालून बसले. "चमचा दे रं," असं मुलाला म्हणाले आणि खायला लागले. मुलगाही बसला. ती मात्र खात नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला नाही म्हणता आलं असतं.

चुलीपुढचा पाट ओढून मीही बसले. चमचा भरला आणि तोंडात घातला. आंबट होतं, तिखट होतं, मध्येच कानाचं कोवळं हाड कुडकुड वाजत होतं. वाईट नव्हतं. चावत राहिले, गिळलं, आणि दुसरा चमचा घेतला. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग पावसाचं, भाताच्या रोपाचं काहीतरी काढलं. तिनं चमचा उचलला. खाता खाता ती हसली, मुलाच्या चमच्यातला तुकडा तिनं ओढून घेतला, तिच्या भाषेत त्याला काहीतरी बोलली. तव्याचा तळ दिसेपर्यंत खाल्लं तिनं, वर वाटीभर भात मागून घेतला. मी मोजून अकरा चमचे खाल्ले.

मग ती आत जाऊन पडली. मी दाराबाहेर पायरीवर बसून कान लावला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तास झाला. आतून फक्त श्वासाचा आवाज येत होता.

त्या दिवशी तिला उलटी झाली नाही. मला झाली. मागच्या न्हाणीत, नळ मोठा सोडून, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. चूळ भरली, तोंड पुसलं आणि बाहेर आले तर ती उठून दारात उभी होती. "आई, उद्या परत करायचं?" तिनं विचारलं.

"करू की," मी म्हणाले. "उद्या कांदा जरा जास्त घालू."