माशांचं वय विचारणारे भाऊजी

जगात घाबरट माणसं पुष्कळ असतील, पण आमच्या थोरल्या दिरांइतका मन लावून घाबरणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. आणि घाबरतात कशाला, तर नदीतले मासे संपतील म्हणून! कोलकात्याजवळ बराकपूरच्या एका सरकारी कचेरीत नदीतल्या इलिश माशांचा अंदाज बांधायचं काम त्यांच्याकडे आहे. मासे काही रांगेत उभे राहत नाहीत आणि होडीवाले काही लिहून ठेवत नाहीत. मग मिळेल तो मासा मोजायचा, एवढंच भाऊजींच्या हाती उरतं. कोलकात्यात मासा बाजारातच कापून घेतात. आमच्या बालीगंजच्या घरी मात्र रविवारी तो अख्खा यायला हवा, कारण भाऊजी जेवायला येतात ते टेप घेऊनच. "वृंदा, थांब, चिरू नकोस!" मी मालवणची, हातात विळी, कढईत तेल तापलेलं, आणि हे ओट्याशी वाकलेले! मासा लहान निघाला की चेहरा पडलाच म्हणून समजा. "खोका इलिश गं, म्हणजे अजून पोरच. एकदासुद्धा अंडी घातली नसतील हिने." मग घास उतरत नाही. मी दोन तास राबायचं आणि यांनी पानावर सुतक पाळायचं!

बागबाजारात ओळखीच्यांच्या लग्नात तर कहर केला. वराच्या वडिलांच्या पानात इलिशचं मानाचं डोकं वाढलेलं. ते चोखून झालं तसे भाऊजी अदबीने वाकले आणि म्हणाले, "आपलं झालं असेल तर कानातले खडे मिळतील का?" माशाच्या कानात खडा असतो, त्यावर वर्तुळं असतात आणि त्यावरून वय कळतं, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवसांनी भाऊजींचा फोन. "चार वर्षांची निघाली गं! मोठे मासे आहेत अजून!" इतका आनंदी आवाज मी प्रथमच ऐकला. पण लगेच खाली आला. "पण ती आपल्याच नदीची कशावरून?"

यंदा कचेरीतून हुकूम आला की दोन महिने जाळी बंद ठेवायला कोळ्यांना राजी करा, आणि ठामपणे बोला. ठामपणे! भाऊजी मला म्हणाले, "तू येशील का गं सोबत?" घाटावर वीसेक कोळी बसले होते. भाऊजींनी हुकुमाचा कागद उलगडला. एका म्हाताऱ्या कोळ्याने सरळच विचारलं, "बाबू, नदीत मासा किती उरलाय?"

"माहीत नाही," भाऊजी म्हणाले.

संपलं, आता हे लोक आपल्याला नदीत ढकलणार, असं मला वाटलं. पण भाऊजी पुढे बोलत राहिले. "चार वर्षं मोजतोय. मासा लहान होत चाललाय, एवढंच दिसतं. माझी खात्री पटेपर्यंत थांबलो तर काही उरणार नाही, अशी भीती वाटते. माझं चुकलं तर तुमचे दोन महिने फुकट जातील. तेही मला माहीत आहे."

म्हाताऱ्याने हातातली विडी पायरीवर विझवली. मग म्हणाला, "आम्हालाही भीती वाटते. घरात बोलत नाही, एवढंच." त्याने मागे वळून इतरांकडे पाहिलं. एकेक जण उठला आणि होडीतली जाळी उचलून वर नेऊ लागला.

मला तर रडूच आलं. म्हटलं, "भाऊजी, जिंकलात की!" ते पायरीवर मटकन बसले. इतके घाबरलेले मी त्यांना त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "त्यांनी माझं ऐकलं."