रोझाची वांगी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. रूममेटलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय — बघू.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बाबांची रिक्षा आहे, आई रत्नागिरीत खानावळ चालवते. मी सिंगापूरला शिकायला आलो, आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागाने उन्हाळ्यात आठ विद्यार्थ्यांना दोन आठवडे सिसिलीला न्यायचं ठरवलं. तिथली गावं बघायची, बाजार बघायचे, लोक काय पिकवतात आणि काय खातात ते लिहून काढायचं. आठांत माझं नाव होतं. बाबांनी चौकात फ्लेक्स लावला. माझा फोटो, मागे निळा समुद्र.

आईने शेजारच्या मंगेशकाकांबरोबर स्टीलचा डबा पाठवला. ते इथेच, सिंगापुरात सेम्बावांगला, जहाज दुरुस्तीच्या यार्डात आहेत. डब्यात आमसुलं, झाकणावर आईचं नाव कोरलेलं. "ज्या घरात उतरशील त्या बाईला दे. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये."

निघायच्या आठवड्यात मीटिंग होती. आमची को-ऑर्डिनेटर सहज म्हणाली, "तुझा व्हिसा झाला ना?"

बाकी सातही जण सिंगापूरचे. त्यांच्या पासपोर्टला व्हिसा लागत नाही, म्हणून त्यांच्यात कधी विषयच निघाला नाही. सूचनांच्या कागदावर एक ओळ होती. मी ती वाचलीही होती. पण माझ्याकडे इथला स्टुडंट पास आहे, तोच चालेल — असं मी कशावरून धरलं? कुणाला विचारलं का नाही?

"आता अपॉइंटमेंट मिळणार नाही लाह," ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. वाईट वाटून म्हणाली.

इथवर ती चूक होती. चूक सांगता येते. मी घरी फोन लावला, आणि आई म्हणाली, "बाबा फ्लेक्सखाली रिक्षा लावून बसतात हल्ली, भाडं आलं तरी उठत नाहीत." आणि मी म्हणालो, तयारी झाली.

मग दोन आठवडे मी हॉस्टेलच्या खोलीत बसून सिसिलीत राहिलो. सिंगापुरात संध्याकाळचे सात, तिथे दुपारचा एक, घरी साडेचार — आईची दुपारची पंगत उरकलेली. मी व्हिडिओ बंद ठेवायचो. नेट नीट नाही म्हणायचो. बाकीच्यांचे फोटो ग्रुपवर यायचे, ते बघून मी पालेर्मोचा मासळीबाजार सांगितला. सिराकूझाच्या दगडी गल्ल्या सांगितल्या. खालच्या हॉकर सेंटरमधला चिकन राइस पोटात असताना, भाताचे तळलेले गोळे कसे कुरकुरीत लागतात ते सांगितलं. मला जमत होतं. इतकं सहज जमत होतं, की मीच हादरलो — आणि थांबलो नाही.

"तुझ्या जेवणाचं कोण बघतं?" आईने विचारलं.

घरमालकीण, मी म्हणालो. रोझा. विधवा आहे. मुलगा परदेशात असतो.

आई म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखीच. डबा दिलास तिला?"

डबा माझ्या टेबलावर होता.

रोझाची म्हणून आंबटगोड वांग्यांची कृती मी इंटरनेटवरून वाचून दाखवली. आईने ती करून बघितली. खानावळीत दर गुरुवारी लोक 'रोझाची वांगी' मागू लागले. "साखर जास्त होते का, विचार तिला," आई म्हणायची. मी विचारून सांगायचो.

आमसुलं मीच संपवली. पण डबा रिकामा परत करत नाहीत, हे आईचंच शिक्षण. डिसेंबरात घरी जाण्याआधी मी इथल्याच पाया लेबारच्या मॉलमधून सिसिलीत पिकणाऱ्या केपरच्या मिठातल्या कळ्या घेतल्या, लेबल काढून टाकलं आणि डब्यात भरल्या. आईने झाकण उघडून वास घेतला. "बघ," ती बाबांना म्हणाली, "इतक्या लांब, पण रीत तीच."

पुढच्या उन्हाळ्यात तिने पुन्हा डबा भरला आणि रोझाचा पत्ता मागितला. टाळायला शंभर गोष्टी सुचल्या असत्या. मी म्हणालो, रोझा गेली.

"थांब," आई म्हणाली. फोन तसाच ठेवून ती गेली. मला बालदीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग अंगावर ओतल्याचा. तांब्यामागून तांब्या. आई माझ्या बोलण्यातल्या बाईसाठी आंघोळ करत होती. मी कॅन्टीनच्या जिन्यात उभा होतो, फोन कानाला लावून. तिने परत फोन घेतला तेव्हा तरी — तेव्हा तरी सांगायचं होतं ना? तिने विचारलं, "मुलगा पोचला का वेळेवर?"

मी म्हणालो, नाही.

गेल्या सप्टेंबरात सत्राच्या मधल्या सुट्टीत, रिसेस वीकला, घरी गेलो. सर्वपित्री अमावास्या होती. चातुर्मासात आमच्याकडे वांगं शिजत नाही. आईने शिजवलं, फक्त एका पानापुरतं. आजोबांचं पान बाबांनी गच्चीवर नेलं. दुसरं आईने माझ्या हातात दिलं.

"तू तिच्या हातचं जेवलायस. तूच ठेव."

मी कठड्यावर पान ठेवलं. कावळा लगेच आला. वांग्याची फोड घेऊन उडाला.

आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. पदराने डोळे पुसत म्हणाली, "पोचलं गं बाई तुला."

मी खाली आलो, हात धुतले आणि जेवायला बसलो.