गुडघ्यांचं निमित्त

आमच्या मिनेसोटातल्या गावात सकाळी रेडिओ लावला की आर्डिस टोलेफ्सरूड बोलते. ख्रिस्ती इतिहासात आजच्या तारखेला काय काय घडलं, ते सांगते. आधी तिचा नवरा सांगायचा, चर्चच्या माळ्यावरच्या खोलीतून. त्याचा घसा बसला म्हणून ती आठवडाभर त्याच्या जागी गेली. तो वारला, तरी तो आठवडा काही संपला नाही.

आर्डिसची धाकटी बहीण ॲरिझोनात एकटी. तिची नजर जात चालली आहे. "डोळे आहेत तोवर तुझं तोंड तरी बघू दे," म्हणते फोनवर. आर्डिसला तिच्याकडे जायचं होतं, कायमचं. मी शेजारीण, ऐकून ऐकून माझे कान किटले.

"मग सांग ना पास्टरना सरळ!"

"सरळ? बरं दिसेल का ते?"

आमच्याकडे 'मला हवंय' म्हणणं म्हणजे भर प्रार्थनेत ढेकर देणं. केकचा शेवटचा तुकडासुद्धा कोणी उचलत नाही, वाळून जातो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी चालली असताना तिने धीर केला.

"पास्टर, माझे गुडघे... माळ्याच्या पायऱ्या काही झेपत नाहीत हो आता."

"अरेरे! आधी नाही का सांगायचं?" पास्टर लिंडाल कळवळले. "तुम्ही अजिबात काळजी करू नका. मी बघतो."

बाहेर आल्यावर तिने माझा हात घट्ट दाबला. "सुटले गं!"

एक नोव्हेंबरला भल्या सकाळी पास्टर दोन माणसं घेऊन तिच्या दारात हजर. बर्फातून ओढत आणलेली वायर आणि माइक त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवला.

"घ्या! आता एक पायरी चढायला नको. शंभरीपर्यंत बोला!"

मी तिला कोपराने ढोसलं. "आता तरी बोल!"

"एवढ्या थंडीत आले गं बिचारे," ती पुटपुटली आणि त्यांच्यासाठी कॉफी ओतू लागली. असा संताप आला मला तिचा!

माइक सुरू झाला.

"सुप्रभात. आज सर्व संतांचा दिवस. सतराशे पंचावन्न साली याच सकाळी लिस्बनमधली चर्चं माणसांनी भरलेली होती. धरणी हलली, छतं कोसळली. आतल्या कितीतरी जणांना बाहेर..."

ती थांबली. पास्टरांनी हसून हाताने खूण केली, चालू द्या.

"बाहेर पडता आलं नाही," आर्डिस म्हणाली, आणि पुढचं साल सांगू लागली.