उंच टाकी घ्यावी की नाही

बांधकामावर त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. टॉवर क्रेनच्या टोकाला काचेची एक खोली असते, कपाटाएवढी. सकाळी शिडीने तिच्यात चढायचं आणि संध्याकाळीच खाली उतरायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे 'वरच्यांची मर्जी' आणि 'वरच्यांशिवाय इथली वीट हलत नाही' ही वाक्यं तिथे अगदी साध्या अर्थाने बोलली जात. माणूस मात्र दिसायला बुटका, गोलमटोल आणि चारचौघांत अबोल. सगळं बोलणं ते वर गेल्यावर करत, स्वतःशीच आणि दोन्ही बाजूंनी.

एकदा त्यांची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या खोलीत माणसापेक्षा उंच, खांबासारखी, खाऱ्या पाण्याची एक टाकी होती. तिच्यातले मासे आडवे फिरण्यापेक्षा वर-खालीच जास्त करत होते. एक पिवळा मासा वरच्या कोपऱ्यात थांबून, ओठ मुडपून, खाली बसलेल्या पेशंटांकडे बघत होता. वरच्यांना तो एकदम आपल्यातला वाटला. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी "तुम्ही जा आधी, मला घाई नाही" म्हणून मागच्यांना पुढे पाठवलं, मग त्यांच्याही मागच्यांना. शेवटी डॉक्टरीणबाईच बाहेर आल्या आणि, माणूस घाबरलाय असं समजून, त्यांना दंडाला धरून आत घेऊन गेल्या.

घरी आले ते अर्धं तोंड बधिर घेऊनच. बायकोला म्हणाले, "मला हाकी घ्यायचीय. उंच."

"या वयात हॉकी?" बायको म्हणाली. "आणि उंच कशाला? तुमच्या मापाची घ्या."

त्यांची बायको गाडी शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून वेळेवर ब्रेक दाबायचा, यात तिची इतकी वर्षं गेली आहेत की घरीसुद्धा कुणी भलतंसलतं बोलायला लागलं की तिचा पाय आपोआप फरशी दाबतो. जीभ ताळ्यावर आल्यावर वरच्यांनी सगळं नीट सांगितलं. समुद्राचं पाणी आपणच मीठ घालून बनवायचं, म्हणाले. पाय फरशीवर टेकला. टाकीला वेगळा दिवा लागतो, म्हणाले. पाय घट्ट झाला. दिवाणखान्यातला चपलांचा रॅक हलवावा लागेल, म्हणाले, तेव्हा तिची टाच पांढरी पडली होती.

"पाण्याची टाकी गच्चीवर आहे की," ती म्हणाली. "तीही उंचच आहे. बसा तिथे बघत."

वरच्यांनी माशांच्या दुकानातही चौकशी केली. तो दुकानदार म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. गिऱ्हाईक आलं की तोंड पाडून आधी तोटेच सांगायचा.

"उंच टाकी जागा कमी खाते, ते खरं," तो म्हणाला. "पण वरचं तोंड अरुंद, म्हणून पाण्यात हवा कमी मिसळते. उजेड तळापर्यंत पोचत नाही. माशाला पोहायला लांबी लागते, उंचीचं त्याला काय?"

"मग तुम्ही विकता कशाला?"

"दिसते फार सुंदर हो," दुकानदार खिन्नपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वरच्यांनी हा खटला क्रेनवर नेला. घेण्याच्या बाजूने ते आपल्या आवाजात बोलत आणि नको म्हणायच्या बाजूने बायकोच्या. "जागा कमी लागेल." "तेवढ्या जागेत माझ्या सगळ्या चपला बसतात." "मन शांत राहतं." "तुमचं अशांत होतं कधी?" मध्येच काँक्रीट उचलत, सळया टेकवत ते बराच वेळ भांडले. गडबड एवढीच झाली की वॉकीटॉकीवर त्यांनी जेवणाचा डबा ठेवला होता आणि बटण दाबलेलं राहिलं होतं. खाली सगळं बांधकाम त्यांच्या संसाराची चर्चा ऐकत होतं.

"घेऊ का नको घेऊ?" त्यांनी शेवटी काकुळतीला येऊन विचारलं आणि पाणी प्यायला वाकले. डबा सरकला, बटण सुटलं आणि खालून सिग्नल देणाऱ्याचा आवाज आला, "घ्या ना एकदाचं. किती विचार करताय?"

वरच्यांच्या अंगावर काटा आला. तो बिचारा बांधून ठेवलेल्या सळयांबद्दल बोलत होता, हे त्यांना संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी खाली उतरले तर सगळे त्यांचीच वाट बघत होते. गवंडी म्हणाले, घ्या. सुतार म्हणाले, आडवी घ्या, उभ्या वस्तू पडतात. फरशीवाला म्हणाला की खारं पाणी सांडलं तर डाग पडतात आणि मग तुम्ही मलाच बोलावणार, त्यामुळे माझी काही हरकत नाही. इंजिनियरबाईंनी कागदावर वजन काढलं, भिंतीलगत तुळईवर ठेवली तर जमीन धरेल असं सांगितलं आणि पेन खिशाला लावत विचारलं, "पण तळ साफ कोण करणार? हात पोचेल का तुमचा?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. टाकीच्या मापाचं एक खोकं घरी नेऊन ठेवा आणि हात घालून बघा, असं बाईंनीच सुचवलं.

वरच्यांनी फ्रिजचं रिकामं खोकं आणलं, कापून मापाचं केलं, टेबलावर उभं केलं आणि स्टुलावर चढून काखेपर्यंत हात आत घातला. तळ लांबच राहिला. बायकोने घातला, तिचाही राहिला. ती समाधानाने म्हणाली, "चला, मिटलं."

नेमका तेव्हाच तिचा धाकटा भाऊ आला. तो दुकानांच्या पाट्या लावतो आणि इतका उंच आहे की बऱ्याचदा शिडी गाडीतच राहते. कामाच्या निमित्ताने गावातल्या यच्चयावत दुकानांत त्याची ऊठबस असते आणि सगळ्या दुकानांच्या हकिकती तो सविस्तर सांगतो. वरचे दिवसभर वाऱ्याचा आवाज ऐकणारे गृहस्थ. मेहुणा आला की त्यांना क्रेनची आठवण येई.

"एक सांगू का भावोजी?" मेहुणा म्हणाला. त्याने हात खोक्यात घातला आणि स्टुलाशिवाय तळावर टकटक करून दाखवलं. "दर रविवारी येऊन साफ करून जाईन. काय मोठंसं?"

बायकोचा पाय फरशीवरून उचलला गेला. "तसं बघायला गेलं तर," ती म्हणाली, "मासे बघून डोळ्यांना थंडावा मिळतो म्हणे."

त्या क्षणापासून सगळं उलटं झालं. बायको टाकीचे गोडवे गाऊ लागली, चपला तिने पलंगाखाली नेल्या आणि वरचे तोटे सांगत फिरू लागले. हवा मिसळत नाही, उजेड पोचत नाही, लांबी नाही, सगळं दुकानदाराच्या शब्दांत. बायको म्हणे, "पण दिसते फार सुंदर हो." क्रेनवर आता त्यांना स्वतःच्या आवाजात 'नको' आणि बायकोच्या आवाजात 'घ्या' म्हणावं लागे आणि मध्येच आपण कुणाच्या बाजूने आहोत हे ते विसरून जात.

पण पिवळा मासा काही डोळ्यांपुढून जात नव्हता. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी पडद्याची जुनी दांडी, मांजाची दोरी आणि तारेचा आकडा घेऊन छोटीशी क्रेन केली. वरून काही उतरवणं आणि उचलणं हे तर त्यांचं रोजचं काम. मेहुण्याची गरजच काय? खोक्यात त्यांनी कान असलेला एक कप ठेवला. स्टुलावरून तळ दिसत नव्हता, म्हणून खोक्याला समोरून खिडकी कापली आणि बायकोला सिग्नल द्यायला बसवलं.

"डावीकडे," ती म्हणाली.

"कुणाच्या डाव्या?"

"गाडीच्या. हळू, हळू. आता हाफ क्लचवर खाली या."

"म्हणजे काय करू?"

"आरशात बघा आधी," ती सवयीने म्हणाली आणि मग दोघांनाही इतकं हसू आलं की वरच्यांना स्टुलावरून उतरून बसावं लागलं. पाचव्या की सहाव्या खेपेला आकडा कपाच्या कानात अडकला आणि कप डुलत डुलत वर आला. बायकोने तो हातात घेऊन नीट बघितला, जणू तो तिने कधी घासलाच नव्हता.

"घेऊन टाका," ती म्हणाली.

टाकी आली. घरात वाळूबरोबर शिंपले आले, मिठाच्या पिशव्या आल्या आणि दुकानदाराने तोंड पाडून दिलेले दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासेही आले. हे दोघे पहिल्या दिवसापासून तळातल्या दगडाशी जाऊन बसले. टाकीचा वरचा सगळा भाग मोकळाच असतो. वरचे म्हणतात, "त्यांना वाटलं तर येतील. जागा आहे."

मेहुण्याला त्यांनी समजावून सांगितलं की आता हाताची गरज नाही. तरी तो दर रविवारी येतो, कारण बहीण आणि भावोजी टाकी साफ करतात हे बघण्यासारखं असतं, असं त्याचं म्हणणं. खुर्ची ओढून बसतो आणि प्रत्येक खेपेला "एक सांगू का" म्हणतो.

मागच्या रविवारी मात्र त्याला कुठल्याशा दुकानाची पाटी लावायची होती, म्हणून तो आला नाही. उलटा पडलेला शिंपला पहिल्याच खेपेला वर आला. काच पुसून झाली, पाणी बदलून झालं आणि अजून चहाही निवला नव्हता. दोघं टाकीसमोर बसून राहिली. मासे दगडामागे होते.

"आता काय?" बायकोने विचारलं.

वरच्यांनी जरा विचार केला. मग स्टुलावर चढून त्यांनी तो शिंपला पुन्हा पाण्यात सोडला.

"चल," ते म्हणाले, "सांग, डावीकडे का उजवीकडे?"