बरणीतला वास

गोदामात त्यांना सगळे नाकवाल्या बाई म्हणत, आणि बाईंनाही त्यात काही वावगं वाटत नसे. परदेशातून आलेली स्वयंपाकघराची कपाटं खोक्यांतून निघाली की आधी बाईंच्या हाताखालून जायची. बोटाच्या पेराने फळी ठोकायची, कडेची पट्टी नखाने उचकटून बघायची, ड्रॉवर वीसदा उघडमिट करायचा. हे काय, कुणीही शिकेल. खरी परीक्षा बरणीची. भुशाच्या फळ्या ज्या डिंकाने चिकटवतात तो हलका असला, तर फळीतून तिखट वाफ महिनोन्‌महिने सुटत राहते. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. म्हणून प्रत्येक खेपेतल्या एका फळीचा तुकडा कापून बाई काचेच्या बरणीत घालत, झाकण घट्ट लावत आणि दुसऱ्या दिवशी उघडून आत नाक खुपसत. प्रयोगशाळेचा कागद यायला तीन आठवडे लागत, बाईंचा निकाल तीन सेकंदांत. एकोणीस वर्षांत कागदाने त्यांना एकदाही खोटं पाडलं नाही, तेव्हा मालकांनी कागद मागवणंच सोडून दिलं. पदरी असं नाक असताना कोण कशाला खर्च करतो?

मग तापाचं निमित्त झालं आणि बाईंचा वास गेला. दूध करपलं ते धूर दिसल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. खरं तर त्यांनी त्याच दिवशी मालकांना सांगायला हवं होतं, यात त्यांची बाजू घेण्यात अर्थ नाही. पण वास गेल्यावर गोदामात आपल्याला कुत्रं विचारणार नाही, या धास्तीने त्या एकीपाशीच बोलल्या. नणंदेपाशी. ही नणंद धाकटी, नवऱ्याशी काडीमोड झाल्यापासून बाईंच्याच घरी राहणारी, आणि गोदामात चिकटवली तीही बाईंनीच. ती म्हणाली, “वहिनी, नाक माझं, सही तुमची. कुणाला कळतंय?”

सहा महिने तसंच चाललं. नणंद खिडकीशी उभी राहून बरणी उघडायची, बाई लांब टेबलाशी वही घेऊन बसायच्या. बरं आहे, सही. बरं आहे, सही. नवल म्हणजे मालकही निवळले. एरवी माल परत पाठवायचा म्हटलं की आकाशपाताळ एक करणारा माणूस. त्याच्या टेबलावर बाईंनी तीनदा राजीनामा आपटलेला. आता समोर आले की हसून विचारपूस. बाईंना वाटलं, उशिरा का होईना, याला आपली किंमत कळली.

एके दुपारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. भांडायला आल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी नम्रपणे विचारलं, नवं स्वयंपाकघर झाल्यापासून नातीचे डोळे सुजतात, ती आत पाऊल टाकत नाही, काही उपाय आहे का? सोबत गोदामाने मालाबरोबर दिलेला तपासणीचा कागद होता. खाली बाईंची सही.

त्या गेल्या. नणंद जेवायला गेली होती. बाईंनी मांडणीवरून त्या खेपेची जपून ठेवलेली बरणी काढली, झाकण उघडून नाक घातलं. काही नाही. आणि मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. पदराने पुसलं, दुसरी बरणी उघडली. त्या सहा महिन्यांतल्या अकरा खेपांपैकी सात बरण्यांनी त्यांना रडवलं. कळायला नाक लागतच नव्हतं. डोळे पुरे होते, आणि डोळे नणंदेलाही होते.

नणंद डबा धुऊन आली. बाईंनी उघडी बरणी तिच्यापुढे सरकवली. “हुंग.”

ती वाकली नाही. झाकणाकडे बघत राहिली. “बरं आहे म्हणायला मालकांनीच सांगितलं होतं, वहिनी.”

“मला वास येत नाही हे मालकांना कुणी सांगितलं?”

“मी. पहिल्याच आठवड्यात.” मग भडभडा बोलत सुटली. मालक म्हणाले, बाईंना कळू देऊ नकोस, राहू देत तशाच. त्यांची सही असली की गिऱ्हाईक चकार शब्द काढत नाही. आणि तिला नोकरीत कायम करतो म्हणाले.

म्हणजे ते हसू, ती विचारपूस यासाठी. एकोणीस वर्षं नाकासाठी ठेवलेल्या बाईंना या माणसाने सहा महिने नाक नाही म्हणून ठेवलं होतं. आणि ते गुपित त्याला विकलं कुणी, तर रोज सकाळी त्यांच्याच हातचा चहा पिणाऱ्या पोरीने.

बाईंनी वही ओढली. लाल पेनाने अकराही सह्यांखाली लिहिलं: हा वास मी घेतलेला नाही. मला वास येत नाही. तारीख घातली, पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि शिक्षिकाबाईंना फोन लावला. कपाटं उतरवून घ्या म्हणाल्या, मालक नाही म्हणाले तर पुरावा माझ्याकडे आहे.

“दोघींची नोकरी जाईल,” नणंद म्हणाली. “आणि घरी दादाला काय सांगायचं?”

बाई बरण्यांची झाकणं एकेक करून लावत होत्या. “तुझ्या भावाला तूच सांग,” त्या म्हणाल्या. “सांगण्यात तुझा हात कोण धरणार?”