शिपायाच्या हातातली कुऱ्हाड

जंगलात गुरं चारायला बंदी आली, म्हणून आमच्या तालुक्याच्या गावी, गोरेगावात, बाजाराच्या दिवशी आमचा मोर्चा निघाला. परवानगी एकाच अटीवर मिळाली होती: कोणाच्या हाती हत्यार नको. ते बघायचं काम माझ्याकडे होतं.

रानाकडून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर रोजची कुऱ्हाड होती. मी अडवल्यावर तो गोंधळला, मग सरळ बंदोबस्ताच्या शिपायाकडे गेला. "हे कुराड धर, बापू. मी जाऊन येतो."

मी धावलो. "बाबाजी, पोलिसाले काऊन दिली?"

"तो तं रिकामाच उभा आहे ना!"

शिपाई तासभर तशीच धरून उभा राहिला. परत देताना त्यानं पातं स्वतःकडे वळवून दांडा म्हाताऱ्यापुढे केला.

बंदोबस्त नक्की कोणाचा कोणावर होता, मला अजून उमगलेलं नाही.