येथे पत्ता सांगितला जाणार नाही

पोथीचं पारायण सातव्या दिवशी पूर्ण करायचं असतं. माझं सहाव्या दिवशीच मोडलं, आणि आजवर केलेल्या सगळ्या पारायणांत दत्तमहाराजांपर्यंत पोहोचलं असेल तर तेवढंच एक, असं मला वाटतं. एरवी मी सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यावं, असं आमची सौभाग्यवतीच येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून ठेवते. या हकिगतीतलं मात्र काही सोडू नका. यातलं मी पदरचं काहीही घातलेलं नाही, आणि तेच मला फार जड जातंय.

आमचं पूर्वीचं घर शनिवार पेठेत, अगदी कोपऱ्यावर. त्यामुळे पत्ता विचारणारे इतके यायचे, की त्यांची रांग धरली असती तर शेवटचा माणूस खडकवासल्याच्या पाण्यात उभा राहिला असता. दसऱ्याला एकाला उत्तर द्यायला तोंड उघडलं, ते दिवाळीला मिटलं. शेवटी वैतागून मी अण्णांना पाटी रंगवायला सांगितली. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. हाडाचे पेंटर, निम्म्या पेठेतल्या दुकानांची नावं त्यांच्याच हातची. वडील लवकर गेले, तेव्हा मला वाढवलं ते अण्णांनी, आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं विसरले. मी मजकूर दिला, 'येथे पत्ता सांगितला जाणार नाही.' अण्णांनी तो सुरेख निळ्या अक्षरांत उतरवला आणि खाली आपल्या मनाने एक ओळ वाढवली, 'देव वाट दाखवील.' मला तो झकास टोमणा वाटला, म्हणून राहू दिला. अण्णांना टोमणे मारता येत नाहीत, हे साठ वर्षं एकत्र राहूनही मला सुचलं नाही.

पुढे आम्ही तिघे वारज्याला बैठ्या घरात राहायला आलो. सामान दुसऱ्या दिवशी आलं, पाटी पहिल्या दिवशीच फाटकावर लागली.

वर्षभरात अण्णांना विसरायला होऊ लागलं. आधी रंगांची नावं गेली, मग माणसांची. मग एकाएकी उठून 'पेठेत जाऊन येतो' म्हणत चपला शोधायचे. डॉक्टरांनी औषधं दिली आणि धीरही दिला, पण दोन्ही पुरेनात. तेव्हा मी पारायणाला बसलो. संकल्प एकच होता, माझ्या भावाला माझ्या हातून जाऊ देऊ नका. नियम कडक. वाचन सुरू झालं की उठायचं नाही, बोलायचं नाही. खरं सांगायचं तर त्या नियमाचा मला थोडा माजच चढला होता. एरवी माझं तोंड बंद ठेवायला अख्खी पेठ कमी पडली. आता मी स्वतः ठेवत होतो आणि गल्लीने ते पाहावं म्हणून खिडकी उघडी ठेवून बसत होतो.

सहाव्या दिवशी सकाळी ही भाजीला निघाली. "कडी घालून घ्या. अण्णा बाहेर पडतील," असं दोनदा म्हणाली. मी 'हूं' केलं. पान उलटायच्या गडबडीत कडी राहिली.

अध्याय ऐन रंगात आलेला असताना खिडकीशी कोणी बाई आली. "भाऊ, एक विचारायचं होतं जी." मी मान वर केली नाही. पुन्हा आवाज आला, "भाऊ?" मी वाचता वाचताच डावा हात लांब केला आणि फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ती क्षणभर थांबली आणि गेली. नियम मोडला नाही म्हणून मला इतकं समाधान झालं, की पुढची ओवी मी जरा चढ्या आवाजात वाचली.

पाऊण तासाने ही भाजी घेऊन आली, ती मागल्या दाराने. घरभर फिरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अण्णा कुठायत?"

मी हाताने 'आत' अशी खूण केली.

"आत नाहीत. पुढचं दार सताड उघडं आहे. हातवारे पुरे आता. बोला!"

मी उठलो. पोथी उघडीच राहिली. नाव-पत्त्याची चिठ्ठी अण्णांच्या खिशात असायची, पण ती कालच्या सदऱ्यात होती आणि सदरा दोरीवर वाळत होता. चपला दारातच होत्या, म्हणजे माणूस अनवाणी गेला होता. ही शेजाऱ्यांकडे धावली, मी फाटकातून उजवीकडे वळून मोठ्या रस्त्याकडे सुटलो.

बसथांब्यावर एक गृहस्थ उभे होते. मी धापा टाकत विचारलं, "अहो, पांढरा लेंगा, उंच, पाय अनवाणी, असे कोणी म्हातारे गृहस्थ..." त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "काका, मी काय चौकशीची खिडकी आहे का?" वाक्य ओळखीचं होतं. तीस वर्षं मीच वापरलेलं. समोरून कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं.

पुढे मी फळवाल्याला विचारलं, शाळेच्या रखवालदाराला विचारलं, थांबलेल्या रिक्षांत डोकावलो. रस्त्यावरून गाड्या अशा सुसाट चालल्या होत्या, की जागचा हललेला माणूस पुन्हा दिसेल असं वाटेना. मग मी फुटपाथच्या कडेला बसलो. महाराजांना काही देऊ करावं, तर देण्यासारखं काय होतं? पारायण मोडलं होतं, मौन मोडलं होतं, भावाला हरवून बसलो होतो. मनाशी एवढंच म्हणालो, महाराज, माझ्याच्याने होत नाही. तुम्ही बघा. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी तरी एवढ्या कमी शब्दांत बोललो असेन.

फोन वाजला. ही होती. "परत या. अण्णा आहेत. आपल्या फाटकातून डावीकडे, इस्त्रीच्या गाडीपाशी. आणि येताना चष्मा पुसून या."

फाटकापासून ती गाडी मोजून तीस पावलं. वर झाड होतं. ते औदुंबर होतं असं लिहिलं तर दत्तभक्ताच्या हकिगतीला शोभलं असतं, पण होता साधा कडुनिंब. त्याच्या सावलीत अण्णा स्टुलावर बसून कपातून चहा पीत होते. पायात गुलाबी पट्ट्यांच्या, त्यांना चार बोटं आखूड अशा बायकी चपला. शेजारी एक मध्यमवयीन बाई, अनवाणी, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. विदर्भातून आलेली, जवळच दोन घरी स्वयंपाकाला जाणारी.

"बसथांब्यापाशी दिसले जी," ती म्हणाली. "पाय पोळून राहिले होते, म्हणून माह्या चपला घातल्या. घर विचारलं तर नाव नाही, नंबर नाही. म्हणत, माझ्या हातची निळी पाटी आहे. मग पाट्या पाहत तीन गल्ल्या हिंडलो आम्ही. इथं पोचल्यावर ते थकले, तर त्यायले सावलीत बसवलं अन् मीच पुढं येऊन विचारलं."

"अहो, मग मला हाक मारायचीत! आत यायचंत!"

"तुम्ही पोथी वाचून राहिले होते ना. मधात कसं उठवायचं? अन् तरी तुम्ही बोट दाखवलं पाटीकडं, का हेच घर होय. मी म्हटलं, केवढा भला माणूस! म्हटलं, होऊ द्या अध्याय, मग नेऊन सोडीन. कामावर सांगून टाकलं, आज उशीर होईल म्हणून."

मी ज्या बोटाने तिला हाकललं होतं, त्याच बोटाचा तिने हा अर्थ घेतला होता. मी ते बोट मुठीत मिटून घेतलं. ही शेजारीच उभी होती. हिलाही टोमणा सुचला नाही, यावरून काय ते ओळखा.

तेवढ्यात अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. पण स्टुलावरून अर्धवट उठून, जागा करून देत ते म्हणाले, "या, बसा. उन्हातून आलात. कुठं जायचंय आपल्याला?"

मला लहानाचा मोठा करणाऱ्या माणसाला मी परका झालो होतो, आणि परक्याशी ते असे बोलत होते. त्यांची आठवण गेली होती, रीत गेली नव्हती. मी म्हणालो, "घरी जायचंय, अण्णा." ते म्हणाले, "चला. मला माहितेय. तिथे माझी पाटी आहे."

बाईंना आम्ही घरी नेलं, पाणी दिलं, पायांवर पाणी घातलं. आपल्या चपला घालून ती कामाला निघून गेली. नाव विचारायचं राहिलं. ती कोण होती याबद्दल मी एरवी तुम्हाला चार सुरस गोष्टी सांगितल्या असत्या. आज एवढंच म्हणतो, की ती स्वयंपाकाला जाणारी बाई होती, आणि मला तेवढं पुरे आहे.

पाटी काढावी असं फार मनात आलं. पण ती काढली तर अण्णा घर कशावरून ओळखणार? म्हणून ती आहे तिथेच आहे. पारायण मी पुन्हा पहिल्या दिवसापासून केलं. खिडकीशी कोणी आलं की ओळीवर खुणेचं पान ठेवून उठायचो. त्यामुळे सात दिवसांचे अकरा झाले. महाराजांनी ते चालवून घेतलं असावं. अण्णा अजून माझ्यापाशी आहेत, रोज फाटकाशी खुर्ची टाकून बसतात.

परवा एक गृहस्थ पत्त्याचा कागद हातात घेऊन आले, पाटी वाचून चिडले आणि मागे फिरले. मी अनवाणीच त्यांच्या मागे धावलो, "अहो, थांबा! पाटीचं मनावर घेऊ नका. पहिली ओळ माझी आहे, दुसरी वाचा. कुठं जायचंय आपल्याला?"